आवाजासकट

बॉट, म्हणजे आलेला निरोप आपोआप पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, लिहायला जेवढा वेळ लागला नाही, तेवढा त्याचं नाव ठरवायला लागला. गुरुजी गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना 'जलमित्र' हवं होतं. मी म्हटलं, गुरुजी, हे नाव वाचून माणूस जांभई देईल, तक्रार देणार नाही. शेवटी साधं 'ओढा' ठेवलं. त्यामुळे गावाच्या ग्रुपवर निरोप यायचे ते ओढ्याच्याच नावाने यायचे: आज पाणी तांबडं आहे, गुरं सोडू नका. पाठवणारा कोण, हे कुणाला दिसायचं नाही. सगळा खटाटोप त्यासाठीच होता.

मी मूळची परभणीकडची, नोकरी हिंजवडीत. आधी मारुंजीत राहायचे. तिथे खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगमधला माणूस दात घासताना दिसायचा, आणि तोही माझ्याकडे बघून घासायचा. वैतागून भरे गावात खोली घेतली. ऑफिस लांब पडलं, पण सकाळी खिडकीतून भाताची खाचरं दिसायची. घरमालकीणबाईंना आम्ही सगळे भाडेकरू मावशी म्हणायचो. नवरा वारल्यावर वाटणीत आलेल्या तुकड्यावर त्यांनी ओळीने खोल्या बांधल्या होत्या, आणि त्या खोल्यांवरच त्यांचं पोट होतं. शेत नावापुरतं, दोन म्हशी, बाकी आम्ही भाडेकरू.

घराच्या मागून ओढा वाहतो. त्यात दुपारच्या वेळी टँकर येऊन कुठल्याशा कारखान्याची घाण सोडून जायचा. दुपार अशासाठी, की गावातले निम्मे लोक तेव्हा कंपन्यांच्या पाळीत आणि उरलेले जेवून आडवे झालेले असतात. पाण्यावर साबणासारखा फेस यायचा. नाकात गेला की घशापर्यंत जळजळायचं. त्या वर्षी मावशींचं रेडकू पोट फुगून मेलं. डॉक्टर म्हणाले काहीतरी खाल्लं असेल. मावशी म्हणाल्या, "खाल्लं न्हाई, पिलं."

टँकर कुणाचा, हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. मावशींच्या धाकट्या दिरांचा. आणि बोअर होती दिरांच्या वाटणीत. तिथून एक पाइप भिंतीखालून मावशींच्या टाकीला यायचा, मोटारीचं बटण दिरांच्या पडवीत. वाटणी झाली तेव्हा पाण्याचं कागदावर काहीच आलं नव्हतं. भावाभावांत काय लिहायचं, म्हणून राहून गेलं. नंतर भाऊ गेला आणि उरली ती मेहेरबानी. दीर येता-जाता हसत म्हणायचे, "वैनी, सांभाळून. पाणी माज्या हातात हाय." ते हसायचे, मावशी हसायच्या नाहीत. पाणी बंद झालं की खोल्या रिकाम्या, आणि खोल्या रिकाम्या झाल्या की मावशींची चूल बंद. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये असं लोक सहज बोलून जातात. मावशी खरोखरच तशा राहत होत्या.

नेहमीच्या चॅटवर गावाचा एक ग्रुप होताच. तिथे फेसाचा फोटो टाकणाऱ्याला पाचव्या मिनिटाला फोन जायचा: का रे, लई कळायला लागलं का तुला? त्यामुळे त्या ग्रुपवर सगळे एकमेकांना सुप्रभात म्हणायचे आणि गप्प बसायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गुरुजी एके रविवारी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरमधल्या. नाव न दिसता निरोप जाईल असं काही होतं का?" मी लगेच हो म्हटलं. आमच्या लोकांना असा प्रश्न विचारू नये. होतं का, एवढंच आम्हाला ऐकू येतं.

एक कूटबद्ध चॅट अ‍ॅप निवडलं, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही निरोप वाचता येत नाही असं. नवीन सिमकार्ड घेतलं. माझा जुना लॅपटॉप कपाटातून काढला. त्याची बॅटरी कधीच मेलेली, वायर लावली तरच चालायचा. त्यावर बॉट कमांड लाइनवरून चालवायचा होता: खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करायचा. नंबर नोंदवताना त्या प्रोग्रॅमने मला इतका छळला की शेजारच्या खोलीतल्या बाईने, ताई कुणाशी भांडताय, म्हणून विचारलं. मी माणूस आहे हे मला यंत्राला पटवून द्यावं लागलं, आणि तेही यंत्राच्या नावाने खातं उघडण्यासाठी. शेवटी गुरुजींनी आपल्या फोनवरून 'नमस्कार' पाठवला आणि काळ्या पडद्यावर त्यांचा नंबर आणि नमस्कार उमटला. पुढच्या क्षणी ग्रुपवर 'ओढा: नमस्कार' आलं. गुरुजी लहान मुलासारखे खूश झाले.

मी खूश नव्हते. मी तो पडदा बघितला होता. निरोप माझ्या लॅपटॉपपर्यंत कुलपात येत होता आणि लॅपटॉपमधून पुन्हा कुलपात जात होता, पण मधे, माझ्या टेबलावर, तो उघडा होता. पाठवणाऱ्याच्या नंबरासकट. म्हणजे गावाचं गुपित मी माझ्या उशाशी घेऊन झोपणार होते. म्हणून मी नोंदी ठेवणंच बंद केलं. निरोप आला, नंबर काढला, पुढे ढकलला, पुसून टाकला. कुणी उद्या लॅपटॉप उचलून नेला तरी त्यात काही सापडू नये. ह्याचा मला फार अभिमान होता.

ग्रुपमध्ये कोणकोण घ्यायचं हे गुरुजींनी ठरवलं. ओढ्याकाठच्या घरटी एक माणूस; बॉटचा नंबर मात्र घरातल्या सगळ्यांना. मी यादी बघितली आणि म्हटलं, अहो, ह्यात मावशींचे दीर पण आहेत. गुरुजी म्हणाले, "मग? त्यांचं घर ओढ्यावर नाही का? एक घर वगळलं की दुसऱ्या दिवशी वगळलेलं घर आणि त्यांची भावकी एका बाजूला. मग ग्रुप राहतो का?" आमच्याकडे परभणीलाही लग्नाचं बोलावणं असंच जातं, ज्याच्याशी कोर्टात केस चालू आहे त्यालाही. त्यामुळे मी वाद घातला नाही. शिवाय नाव दिसणारच नव्हतं.

सुरुवातीला बॉट फक्त अक्षरं पुढे पाठवायचा. मग गुरुजींनी ज्यांच्याकडे तक्रार दिली होती ते प्रदूषण तपासणीचे सरकारी साहेब म्हणाले की फोटो हवेत. मी फोटोंची सोय केली. फोटोत कुठे काढला त्याची खूण दडलेली असते, तीही काढून टाकणारी ओळ लिहिली. त्या ओळीवरून मी स्वतःचीच पाठ थोपटली. पण जोडून येणारी वस्तू पुढे पाठव, असा जो हुकूम मी लिहिला होता, त्यात वस्तू कसली हे विचारलंच नव्हतं.

मावशींना टाइप करणं जमायचं नाही. वाचायच्या अक्षर लावून लावून. त्यांना काही दिसलं की त्या माझ्या दारात यायच्या, पदराला हात पुसत सांगायच्या आणि मी त्यांच्या फोनवरून ते बॉटला लिहून पाठवायचे. "लिव," म्हणायच्या, "फेस आलाय म्हणून लिव. माजं नाव न्हाई ना जात?" दर वेळी विचारायच्या. दर वेळी मी सांगायचे, नाही जात मावशी.

त्या दिवशी मी ऑफिसात होते. जेवून जागेवर आले तर फोनवर ग्रुपचा निरोप. ओढ्याकडून. पण अक्षरं नव्हती, फोटो नव्हता. आवाजाची ती बारीक नागमोडी पट्टी होती. मी जिन्यात जाऊन फोन कानाला लावला.

"ऐक गं. आत्ता टँकर आलाय. बाभळीपाशी पायप सोडलाय त्येनं. फेस लई आलाय. म्हशी सोडू नका म्हणून लिव सगळ्यास्नी. आन् टँकर कुणाचा ते लिवू नको. आपल्याला ठावं हाय, तेवढं बास."

मावशी. गावातल्या एका तरी लग्नाची हळद त्यांच्या गाण्याशिवाय लागली असेल का? जात्यावरच्या ओव्यांपासून बारशाच्या पाळण्यापर्यंत ह्या आवाजाला ओळखत नाही असं पोर त्या आळीत नाही. मी नंबर काढला होता, नाव काढलं होतं, फोटोतली खूण काढली होती. आणि अख्खी बाई मी जशीच्या तशी ग्रुपवर नेऊन ठेवली होती.

मावशी बॉटशी का बोलल्या, हे मला नंतर कळलं. मी घरी नव्हते. त्यांना वाटलं, पोरगी ऐकून लिहिते तशी तिची मशीनही ऐकून लिहीत असेल. त्यात चुकीचं काय होतं? 'ऐक गं' म्हणून त्या मशीनशी नाही, माझ्याशीच बोलत होत्या.

पाठवलेला निरोप सगळ्यांच्या फोनवरून मागे घेता येतो. पण ज्याने पाठवला त्यालाच, म्हणजे बॉटलाच. आणि बॉट माझ्या टेबलावर. एरवी मी ऑफिसातून त्या लॅपटॉपला जोडून हुकूम देऊ शकायचे. जोडायला गेले तर काही उत्तर नाही. पुन्हा. पुन्हा. शेजारणीला फोन केला तर म्हणाली, "ताई, लाईट गेलीय. आत्ताच गेली." निरोप पुढे ढकलून झाल्यावर गेली होती. देवाला आणि वीज मंडळाला मी जिन्यात उभं राहून जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

मावशींना फोन लावला. नुसती रिंग. त्या ओढ्याकडे म्हशी आणायला गेल्या असणार आणि फोन घरात कोनाड्यात. मॅनेजरला 'घरी अडचण आहे' एवढं म्हणून मी स्कूटी काढली. माणच्या पुढे रस्ता खणलेला, पुढे मिक्सर, मागे कंटेनर. घोटावड्याच्या अलीकडे गुरुजींचा फोन आला. कडेला थांबले.

"ऐकलंत?" ते म्हणाले.

"ऐकलं. किती जणांनी ऐकलं असेल?"

"आमची ही स्वयंपाकघरात होती. तिथून म्हणाली, काय हो, वैनींचा फोन आलाय का?" मग हळूच म्हणाले, "मी त्यांच्या दिराला ग्रुपातून काढून टाकू?"

"काढलं तर लगेच कळेल की काहीतरी आहे. आणि एकदा फोनवर आलेलं काढून जात नाही. मी येते. तुम्ही काही करू नका. कुणाशी बोलू नका."

आता हसू येतं, पण त्या रस्त्यावर मी प्रत्येक समोरून येणाऱ्या माणसाकडे असं बघत होते की ह्याने ऐकलं का? ह्याने? मनात टाकीचं चित्र. कॉक उघडला आणि नुसती फुसफुस. बिचारी शेजारीण, नवरा रात्रपाळीचा, लेकरू तान्हं. ते पाण्याशिवाय किती राहतील? आणि ह्या सगळ्याला कारण, माझी एक ओळ.

खोलीत अंधार. लॅपटॉप मेलेला. दिरांकडे इन्व्हर्टर होता, पण तिथे जाऊन काय म्हणणार? मामा, जरा प्लग देता का, तुमच्यापासून लपवायचंय? कंपन्यांची लाइन वेगळी, तिथली वीज सहसा जात नाही, हे आठवलं. लॅपटॉप पोटाशी धरून पुन्हा स्कूटीवर बसले आणि कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर गेले. म्हटलं, दादा, एक प्लग द्या. तो म्हणाला, फ्रिजचा काढावा लागंल, दूध नासंल. मी म्हटलं, दहा चहा घेते. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा न देताच प्लग काढून दिला.

फोनचं नेट जोडलं. काळा पडदा उघडला. आधी पुढे ढकलण्याचं काम थांबवलं, म्हणजे आणखी काही जायला नको. मग मागे घेण्याचा हुकूम टाइप केला, आणि तिथेच हात थांबले. ह्या हुकमाला निरोपाचा क्रमांक लागतो. निरोप ज्या क्षणी निघाला त्या क्षणाचा भलामोठा आकडा. तो नोंदीत असतो. आणि नोंदी मी ठेवतच नव्हते.

टपरीवर पाळी सुटलेली पोरं चहा पीत होती. त्यातला एक माझ्या पडद्याकडे वाकून बघत होता. मी त्याच्यावर खेकसले. तो बिचारा नुसता बिस्किटाची बरणी घेत होता. डोकं चालेना. दुसऱ्याच्या फोनवरून नुसतं मिनिट दिसतं, पूर्ण आकडा दिसत नाही. मग सुचलं. ग्रुपमध्ये मी स्वतःही होते. त्या निरोपावर मी माझ्या फोनवरून एखादं चित्र उमटवलं, अंगठा म्हणा, हसू म्हणा, तर त्याची खबर बॉटला जाणार. आणि त्या खबरीत, कुठल्या निरोपावर उमटवलं, तो आकडा असणार. पण उमटवलेलं सगळ्यांना दिसणार. मावशींच्या आवाजाखाली मावशींच्या भाडेकरणीचा अंगठा. ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटणार.

विचार करायला सवड नव्हती. मी अंगठा दिला. पडद्यावर आकडा आला. नक्कल करून हुकमात घातला, बटण दाबलं. फोनवर ती नागमोडी पट्टी गेली आणि तिच्या जागी 'हा संदेश हटवला आहे' आलं. त्याच्यासोबत अंगठाही गेला. मी तिथल्या बाकावर बसले. टपरीवाल्याने न सांगता चहा ठेवला आणि फ्रिजचा प्लग परत लावला.

घरी पोचले तर दीर अंगणात उभे. हातात मोबाइल. मावशी ओट्यावर तांदूळ पाखडत बसलेल्या, मान खाली, सूप चालू. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे धाकटी जाऊ आपल्या दारात उभी होती. वाटणी झाल्यापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. दळण एकाच गिरणीत, कपडे एकाच दोरीला लांबून लांबून, पण शब्द नाही. दोन-तीन भाडेकरू दारातून डोकावत होते.

"वैनी, हे ऐका," दीर म्हणाले आणि त्यांनी फोनवर अंगठा आपटला. काहीच वाजलं नाही. पुन्हा आपटला. "मगाशी होतं. मी सोता ऐकलंय." मग त्यांनी मला बघितलं. "म्याडम, तुमी अंगठा दिला व्हता न्हवं ह्याला? आन् आता गायप?"

सुपाचा आवाज थांबला. माझी जीभ आपली चालायला लागली. "मामा, ते बनावट होतं. हल्ली कॉम्प्युटर कुणाचाही आवाज काढतो. तुमचा काढून देऊ? बघितलं असेल तुम्ही मोबाइलवर, पुढाऱ्यांच्या आवाजात कसली कसली गाणी असतात. कुणीतरी मावशींच्या आवाजात खोडसाळपणा केला. मी ओळखलं म्हणून काढून टाकलं."

ते बघत राहिले. आणि मला दिसलं की त्यांना हे पटायला हवं आहे. थोरल्या भावाच्या विधवेचं पाणी तोडणारा म्हणून गावात नाव व्हावं असं त्यांनाही वाटत नसणार. खांदे सैल पडले. "व्हय, बघितल्यात मी तसली गाणी," ते म्हणाले. "मंजे वैनी न्हवत्या तर. तरी मी म्हणतोय." आणि मावशींकडे वळून, जवळजवळ हसून, "वैनी, तुमी न्हवता ना?"

नुसती मान हलवायची होती. मी डोळ्यांनी सांगत होते, हलवा. मावशी, हलवा ना.

मावशींनी सूप बाजूला ठेवलं. पण बोलल्या त्या माझ्याशी. "पोरी, माजा आवाज मशीननं काडला म्हणतीस?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग उद्या मी खरं बोलले तरी लोक म्हणतील, मशीन बोललं. मंग मी बोलायचं कसं?" त्या उठल्या, लुगड्यावरचा कोंडा झटकला. "भाऊजी, मीच बोलले. परत म्हणून दावते. आत्ता टँकर आला. बाभळीपाशी पायप सोडला. फेस लई आला. तवा एक बोलले न्हवते, ते आता बोलते. टँकर तुमचा हाय."

पलीकडे धाकटी जाऊ दाराची चौकट धरून उभी होती. मला मावशींचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एवढी धावपळ केली, एवढं खोटं बोलले, दार उघडून दिलं, आणि ह्या बाईने ते स्वतःच्या हाताने लावून घेतलं. आणि त्याच वेळी मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. दोन्ही एकदमच होत होतं.

दिरांचा चेहरा तांबडालाल झाला. "बरं," ते म्हणाले. "मग पाणीबी तुमचं तुमी बघा." आणि गेले.

संध्याकाळी लाईट आली. आळीतल्या सगळ्या मोटारी सुरू झाल्या. आमच्या टाकीत थेंब आला नाही. शेजारीण कळशी घेऊन आली, टाकीत वाकून बघितलं आणि कळशी तशीच घेऊन परत गेली. तिच्या नवऱ्याचा आवाज आला, भावाकडं जाऊ म्हणतो चार दिवस. दुसऱ्या खोलीतल्या पोरांनी तर विचारलंच, मावशी, सोय कधी होईल? मावशी म्हणाल्या, "ज्याला जायचं त्यानं जावं बाबांनो. मी कुणाला धरून ठेवत न्हाई." आणि म्हशींना पाजायला उरलेली बादली घेऊन गोठ्यात गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "जा, च्या घे. दमलीस."

मी खोलीत येऊन लॅपटॉप लावला. आवाज पुढे पाठवणं बंद करायचं, एवढंच माझ्या हातात होतं, आणि तेही कोंबडं कापल्यावर सुरी लपवण्यासारखं. ढकलण्याचं काम अजून थांबवलेलंच होतं. बॉट नुसता ऐकत होता. ओळ बदलत होते तेवढ्यात पडद्यावर काहीतरी आलं. नवा नंबर. जोडलेली वस्तू, आवाज. मी ऐकलं.

"गुरुजींस्नी सांगा, टँकर आमचाच हाय. मंगळवारी आन् शुक्रवारी येतोय. येताना भरून आमच्या मळ्यात उभा ऱ्हातोय. सायबांना तवा घेऊन या म्हणावं, मंजे सापडंल."

हा आवाज मी फार कमी ऐकला होता, पण ऐकला होता. भिंतीपलीकडून, पोरांना जेवायला हाका मारताना. धाकटी जाऊ. मागे कुकरची शिट्टी वाजत होती, म्हणजे ती चुलीपाशी उभी राहून, नवरा बाहेर असताना बोलत होती. तिला दुसरं घर नव्हतं. मावशींना निदान स्वतःचं छप्पर होतं.

मी बॉटच्या नावाने तिला लिहिलं: 'तुमचा आवाज सगळे ओळखतील. मी लिहून पाठवते, आवाज काढून टाकते. कुणाला कळणार नाही.' लिहिताना मला माझीच लाज वाटली, कारण 'कुणाला कळणार नाही' हे मी मावशींनाही दर वेळी सांगत आले होते.

उत्तर लगेच आलं. पुन्हा आवाजच.

"न्हाई. आवाजासकट पाठव. जाऊबाईंनी अंगणात म्हणलं, मला बी म्हणायचंय. आन् त्येंना सांग, टाकीचा कॉक सोडा. मोटार लावलीय मी."

मी लॅपटॉपची वायर उपटायची विसरले आणि फोनसारखा तो उचलून धावायला गेले, मग भानावर येऊन ते बोलणं माझ्या फोनवर घेतलं आणि गोठ्यात पळाले. मावशी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मी काही न सांगता फोन त्यांच्या कानापाशी धरला.

त्या ऐकत राहिल्या. भिंतीपलीकडे मोटार घरघरत होती, ती आता मलाही ऐकू यायला लागली. आवाज संपला तरी त्यांनी कान हलवला नाही.

"मला जाऊबाई म्हणली?" त्या म्हणाल्या.

"हो. कॉक सोडा म्हणाल्या, मावशी. पाणी आलंय."

"सोडते," मावशी म्हणाल्या. "आदी ते परत लाव."